आर्च स्वतःच्या हाताने टाकलं की कॉम्प्युटर खरंच कळतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा मुलगा, एकच लॅपटॉप, ८ जीबी रॅम, त्यावर विंडोज. हॉस्टेलचे सीनियर म्हणतात उबुंटू (तयार इन्स्टॉलरवालं सोपं लिनक्स) टाकून काही कळत नाही, आर्च नाहीतर जेंटू हे लिनक्सचे प्रकार हाताने टाक, मग कळेल कॉम्प्युटर काय असतो ते. तर हे खरं आहे का, आर्च, जेंटू आणि लिनक्स फ्रॉम स्क्रॅच यातलं कुठलं घ्यायचं, आणि यात लॅपटॉपची वाट तर लागणार नाही ना.

सीनियर अर्धं बरोबर सांगतायत. मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळायचं काम करतोय, पोट त्यावरच चालतं, त्यामुळे उरलेलं अर्धं मी सांगतो. आर्च पहिल्यांदा टाकशील तेव्हा काहीही शिकणार नाहीस. खरंच. मी पण नव्हतो शिकलो. आर्चला आधी टेक्स्टमधला का होईना पण मेनूवाला इन्स्टॉलर होता, २०१२ च्या जुलैत त्यांनी तो काढूनच टाकला आणि हातात नुसत्या दोन-चार स्क्रिप्ट दिल्या, त्याच सुमारास मी झेरॉक्सवाल्याकडून आर्चच्या विकीची (ऑनलाइन माहितीच्या साइटची) वीसेक पानं प्रिंट करून आणली आणि रात्रभर बसून एकेक ओळ बघून टाइप केली. पहाटे लॉगिन प्रॉम्प्ट आला, मोबाइलने फोटो काढला, मित्रांना दाखवला. पण त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं की बाबा एफएसटॅबची (कुठलं पार्टिशन कुठे लागतं त्याची) फाइल सीएचरूटच्या, म्हणजे नव्या सिस्टीमच्या आत शिरण्याच्या, आधी का बनवली, नंतर का नाही, तर मी नुसता बघत राहिलो असतो. ते टायपिंग होतं, शिकणं नव्हतं.

आणि रीबूट केल्यावर कळलं की नेटच नाही. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधे वायफाय मस्त चालत होतं म्हणून मी धरून चाललो की नवीन सिस्टीममधे पण असेल, पण ती वेगळी, ही वेगळी, हिच्यात मी जे टाकलं तेवढंच आहे आणि वायफायला जोडणारा प्रोग्रॅम टाकायचा राहून गेला होता. आता प्रोग्रॅम उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी प्रोग्रॅम पाहिजे. मला वाटलं आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. दोन दिवस तसाच पडून होता लॅपटॉप. मग एकाने सांगितलं की अरे परत पेन ड्राइव्हने सुरू कर, तीच पार्टिशनं (डिस्कचे भाग) परत माउंट कर, म्हणजे फोल्डरला जोड, परत सीएचरूट कर आणि राहिलेलं पॅकेज टाक, पुसायचं कशाला. पाच मिनिटांचं काम निघालं. माझं शिकणं सुरू झालं ते इथून. डिस्कवर पडलेली सिस्टीम म्हणजे शेवटी फायली आहेत, ती बंद असताना बाहेरून तिच्यात शिरता येतं आणि हवं ते दुरुस्त करता येतं, हे विंडोज फॉरमॅट मारून मारून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीच्या डोक्यातच नव्हतं. काही बिघडलं की फॉरमॅट, एवढंच माहीत.

आता बघ, आर्च टाकताना तू करतोस काय. पेन ड्राइव्हवरून एक तात्पुरतं लिनक्स चालू होतं, काळा स्क्रीन, रूट म्हणून आधीच लॉगिन. डिस्कवर पार्टिशन पाडतोस, त्यावर फाइलसिस्टीम बनवतोस, ती एमएनटी नावाच्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करतोस, पॅकस्ट्रॅप या कमांडने त्यात बेस (मूळ पॅकेजेस), कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि हार्डवेअरला लागणाऱ्या फर्मवेअरच्या फायली ओततोस, जेनएफएसटॅबने कुठलं पार्टिशन कुठे लागतं त्याची यादी लिहून घेतोस, सीएचरूट करून आत शिरतोस, टाइमझोन एशिया/कोलकाता, भाषा, रूटचा पासवर्ड, बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम), बाहेर येऊन रीबूट. पंधरा-वीस कमांडी. सरावाने अर्धा तास पण लागत नाही. यातली एकही कमांड अवघड नाही, अवघड आहे ते हे की ही आधी का आणि ती नंतर का. जेनएफएसटॅब बाहेरूनच का चालवायचा? कारण तो काही हुशार नाहीये, तो फक्त आत्ता एमएनटीखाली काय काय माउंट झालंय ते बघून लिहून काढतो, म्हणजे तू बूटचं पार्टिशन माउंट करायला विसरलास तर तो पण विसरणार. सीएचरूट करताना प्रॉक, सिस आणि डेव्ह हे फोल्डर पण आत का जोडावे लागतात? कारण सीएचरूटने फक्त "मूळ फोल्डर कुठलं" एवढं बदलतं, कर्नल तोच राहतो पेन ड्राइव्हवाला, आणि आतल्या प्रोग्रॅमना डिस्क वगैरे दिसायच्या तर त्या या फोल्डरांतून दिसतात. हे एकदा कळलं ना की पुढे नोकरीत डॉकर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) म्हणून जे करतात ते बघून बिचकायला होत नाही, ते याच कल्पनेचं मोठं भावंड आहे, वर नेमस्पेस (आतल्याला काय दिसावं) आणि सीग्रुप (त्याने किती वापरावं) लावलेत एवढंच.

डिस्कच्या नावांबद्दल एक, कारण इथे मी पैसे मोजून शिकलोय. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कला कायमची चिकटलेली नसतात, सुरू होताना जी आधी सापडली ती ए, नंतरची बी. मी एकदा बाहेरची हार्ड डिस्क लावलेली विसरून, कालच्या आठवणीवर एसडीबीवर फाइलसिस्टीम बनवली आणि मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. अजून ऐकतोय. म्हणून एफएसटॅबमधे नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे एक लांबलचक ओळख-क्रमांक, लिहितात, तो फाइलसिस्टीम बनताना तिच्यावर गोंदला जातो आणि केबल कुठेही लावली तरी बदलत नाही. आणि म्हणून फॉरमॅटच्या आधी एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) चालवून डिस्कचा साइज आणि मॉडेल वाचायचं, नाव नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका रविवारच्या अपडेटने, ते जरा नीट सांगतो. माझ्या लॅपटॉपवर ईएसपी, म्हणजे यूईएफआय फर्मवेअरला (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) जे फॅट-३२ पार्टिशन वाचता येतं ते, बूट या फोल्डरवर माउंट केलेलं होतं आणि कर्नलची फाइल त्यातच राहायची. सकाळी पॅकमनने (आर्चचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम) पूर्ण अपडेट मारला, सगळं हिरवं, एरर नाही, रीबूट केलं आणि थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरता काळा स्क्रीन. वायफाय नाही, टचपॅड नाही, आणि वर लिहिलंय की बूट माउंट करता आलं नाही. मला वाटलं डिस्क गेली. डिस्क तपासली, ठणठणीत. पार्टिशन जागेवर, यूयूआयडी बरोबर, तरी माउंट म्हणतंय की व्हीफॅट (त्याच फॅट-३२ चं लिनक्समधलं नाव) ही फाइलसिस्टीम मला माहीत नाही. काल माहीत होती, आज नाही?

दुपारपर्यंत इकडेतिकडे हात मारल्यावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. युनेम या कमांडला विचारलं की आत्ता कुठला कर्नल चालू आहे, त्याने जुनं व्हर्जन सांगितलं. मग मॉड्यूल्सचं, म्हणजे कर्नलला लागतील तसे जोडायच्या ड्रायव्हर वगैरे तुकड्यांचं, फोल्डर उघडलं, तिथे फक्त नवीन व्हर्जनचं फोल्डर. जुळतच नाहीये. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली: दोन दिवसांपूर्वी काहीतरी करून बघायला मी ईएसपी अनमाउंट केलं होतं आणि परत लावलंच नव्हतं. लिनक्समधे माउंट नसलं तरी बूट नावाचं रिकामं फोल्डर तिथे असतंच, पॅकमनने बिचाऱ्याने नवीन कर्नल त्या फोल्डरमधे ठेवला, म्हणजे मुख्य पार्टिशनवर, आणि जुन्या कर्नलची मॉड्यूल्स नियमाप्रमाणे काढून टाकली. फर्मवेअरला तुझ्या फोल्डरांशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त ईएसपी ओळखता येतं, आणि तिथे जुनाच कर्नल बसलेला, तो त्याने उचलला. जुना कर्नल उठला आणि आपली मॉड्यूल्स शोधायला गेला तर घर रिकामं. वायफायचा ड्रायव्हर मॉड्यूल, टचपॅडचा मॉड्यूल, आणि व्हीफॅट वाचायचं ते पण मॉड्यूल, म्हणून तर ज्या पार्टिशनवरून तो स्वतः आला तेच त्याला उघडता येईना.

दुरुस्ती काय, तर पेन ड्राइव्ह, दोन्ही पार्टिशनं बरोबर जागी माउंट, सीएचरूट, कर्नलचं पॅकेज परत टाकायचं, बास. दहा मिनिटं. पण तिथपर्यंत पोचायला अख्खा रविवार गेला आणि त्या रविवारात मला कळलं की कर्नल आणि मॉड्यूल्स ही जोडी आहे, माउंट म्हणजे फोल्डरवर टाकलेली चादर आहे, खालचं जातं कुठे नाही फक्त झाकलं जातं, आणि फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल हे एकमेकांना ओळखत नाहीत, प्रत्येकजण पुढच्याला फक्त ठरलेल्या जागेवर शोधतो. कॉलेजच्या पुस्तकात बूटिंग प्रोसेसची आकृती होती, बाण काढलेली, परीक्षेत काढली पण होती मी. बाण कुठे तुटू शकतो ते आकृतीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इन्स्टॉल करून नाही, मोडून आणि जोडून शिकायचं, आणि मोडायला रविवारची वाट बघू नकोस, मुद्दाम मोड. पहिले दोन महिने लॅपटॉपला हातच लावू नको, व्हर्च्युअलबॉक्समधे कर (विंडोजच्या आत खोटं मशीन चालवणारा प्रोग्रॅम, त्या मशीनला व्हीएम म्हणतात). तिथे मशीन बनवताना ईएफआय चालू करायची खूण कर, ती आपोआप येत नाही, मग जुन्या बायोस पद्धतीने बूट होतं आणि गाइडशी जुळत नाही म्हणून पोरं अडकतात. एकदा गाइड बघून टाक. दुसऱ्यांदा टाकताना प्रत्येक एंटरच्या आधी वहीत एक ओळ लिही, मराठीत लिही, की आता डिस्कवर नक्की काय बदलणार आहे, मग एंटर, मग खरंच तेच बदललं का बघ. तिसऱ्यांदा गाइड बंद, फक्त मॅन पेजेस (कमांडबरोबर येणारी माहितीची पानं). मग स्नॅपशॉट (मशीन आत्ता आहे तशी जपून ठेवलेली प्रत) घे आणि खेळ सुरू: एफएसटॅबमधला यूयूआयडीचा एक आकडा बदलून रीबूट कर, रूटचा पासवर्ड विसरल्याचं नाटक कर, बूटलोडर उडव, इनिट-रॅम-एफएसची फाइल डिलीट कर, आणि प्रत्येक वेळी स्नॅपशॉटवर न जाता आधी स्वतः सावरायचा प्रयत्न कर. मित्राला मोडायला सांगितलंस तर अजून मजा, कारण त्याने काय केलंय ते तुला माहीत नसतं आणि नोकरीत अगदी असंच असतं.

इनिट-रॅम-एफएस काय ते विचारशीलच. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली तर काय करायचं, तो प्रकार आहे. मुख्य डिस्क वाचायला कर्नलला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हरच्या फायली त्याच डिस्कवर आहेत. मग बूटलोडर कर्नलबरोबर एक छोटी फाइल पण रॅममधे आणून ठेवतो, तिच्यात गरजेपुरते ड्रायव्हर आणि चार हत्यारं असतात, तेवढ्यावर कर्नल खरी डिस्क उघडतो आणि पुढचं सिस्टमडीकडे (बाकीची सिस्टीम उभी करणारा प्रोग्रॅम) सोपवतो. ही फाइल उडवून बघशील तेव्हा कर्नल पॅनिकचा स्क्रीन दिसेल, घाबरायचं नाही, वाचायचं, त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की रूट फाइलसिस्टीम माउंट करता आली नाही.

याचा नोकरीत उपयोग काय, तर एक सांगतो. मी होतो त्या एका ठिकाणी रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि वर येईना, दीड मिनिट थांबायचा आणि इमर्जन्सी मोडमधे जायचा. फोनवर चर्चा चालली होती की बॅकअपवरून सगळं परत टाकायचं का. ते दीड मिनिट ऐकूनच मला शंका आली, कारण सिस्टमडी न सापडणाऱ्या डिस्कची वाट ९० सेकंद बघतो. एफएसटॅब उघडलं, काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची ओळ तशीच होती. ओळीच्या पुढे हॅश लावून ती बंद केली, सर्व्हर वर. व्हीएममधे चुकीचा यूयूआयडी टाकून बघितलेल्या माणसाला हे दिसतंच.

आता कुठलं घ्यायचं. आर्च घे. कॅनडाच्या जड व्हिनेटने २००२ मधे सुरू केलं, विचार साधा होता की सिस्टीमने तुझ्यापासून काही लपवू नये, आणि त्याचा विकी इतका चांगला आहे की दुसरं लिनक्स वापरणारे पण तोच वाचतात. २०२१ पासून त्यात आर्चइन्स्टॉल नावाचा मेनू परत आलाय, नंतर खुशाल वापर, पाप नाही, पण पहिल्या तीन वेळा नको. तसंच चॅटबॉटला विचारून कमांड चिकटवू नकोस, कमांड काय करते ते विचार आणि मग मॅन पेजवर पडताळून बघ. आणि एयूआरमधून (आर्च वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या पॅकेजेसचा साठा) काही घेताना पीकेजीबिल्ड (पॅकेज कसं बनवायचं ती फाइल) वाचल्याशिवाय घेऊ नको, तिथे कोणीही पॅकेज टाकू शकतं, २०१८ मधे कोणी वाली नसलेलं एक पीडीएफ रीडरचं पॅकेज ताब्यात घेऊन त्यात घाण घातली होती. पीकेजीबिल्ड म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट असते, वाचायला दोन मिनिटं.

जेंटूबद्दल माझं मत जरा वाकडं आहे, जेंटूवाले रागावतील. सगळं सोर्सवरून कंपाइल होतं हे ऐकायला भारी वाटतं पण स्क्रीनवरून धावणाऱ्या ओळी बघून कोणाला काही कळत नाही, ते रेल्वेच्या खिडकीतून बाहेर बघण्यासारखं आहे. जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर कंपाइल करायला लावला, रात्री लाइट गेली, बॅटरी पण गेली, सकाळी परत पहिल्यापासून, हे मी केलंय. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे यूज फ्लॅग, कुठल्या प्रोग्रॅममधे कुठली सोय हवी ते कंपाइलच्या वेळीच ठरवणं, तेवढ्यासाठी एकदा करून बघायला हरकत नाही, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून ते तयार पॅकेजेस पण देतात त्यामुळे हाल कमी झालेत.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच मात्र कर, पण दिवाळीच्या सुट्टीत, आर्च पचल्यावर. ते डिस्ट्रो (आयतं तयार लिनक्स) नाहीच, पुस्तक आहे, जेरार्ड बीकमन्स याने १९९९ मधे सुरू केलेलं. पॅकेज मॅनेजर नाही, प्रत्येक गोष्ट सोर्सवरून आपल्या हाताने. वेळ मोजायचं त्यांचं एकक पण गमतीशीर आहे, सगळ्यात आधी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे हत्यारं) कंपाइल करायला तुझ्या मशीनला जेवढा वेळ लागेल तो १ एसबीयू, पुढचं सगळं त्याच्या पटीत. पहिले काही तास फक्त कंपाइलर बनवायला कंपाइलर बनवण्यात जातात आणि माणूस वैतागतो, पण कोण कोणावर अवलंबून आहे हे त्यात असं कळतं की विसरत नाही. हे कळण्याला किंमत काय ते २०२४ च्या मार्चमधे दिसलं, अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या मशीनमधे शिरायचं साधन) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, तो मागे लागला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत लपवलेला बॅकडोर सापडला. कॉम्प्रेशनच्या लायब्ररीचा लॉगिनशी काय संबंध? तेव्हा काही डिस्ट्रो एसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडत होत्या आणि तिच्यामागून एक्सझेड येत होतं. अशा मागच्या दाराने कोण आत येतं ते हाताने जोडणाऱ्यालाच माहीत असतं.

आणि हे पण सांगून ठेवतो की यातून काय येत नाही. प्रोग्रॅमिंग येत नाही. शेड्युलर कसा ठरवतो की पुढे कुठली प्रोसेस, पेजिंग म्हणजे काय, हे यातल्या एकाही इन्स्टॉलने कळत नाही, त्यासाठी एमआयटीवाल्यांचं एक्सव्ही-सिक्स हे शिकवण्यासाठीच लिहिलेलं छोटं ओएस आहे, त्याचा कोड वाच आणि बदलून बघ. आर्चने सुतारकाम येतं, कुठला सांधा कुठे बसतो ते. लाकूड कसं वाढतं ते नाही.

लॅपटॉपचं विचारलंस ते. एकच आहे तर विंडोज उडवू नको, कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर्स बरीचशी त्यावरच चालतात. हजार-दोन हजारात जुनी एसएसडी मिळाली तर यूएसबीच्या केसमधे घालून आर्च तिच्यावरच टाक, सगळ्यात निवांत. त्याच डिस्कवर टाकायचंच असेल तर आधी डेटाचा बॅकअप, मग बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघ आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, लॅपटॉपमधे नाही, कागदावर. पार्टिशन लहान करायचं ते विंडोजमधूनच. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू न होऊ देणारी फर्मवेअरची सोय) बंद करावं लागेल, आर्चची आयएसओ, म्हणजे पेन ड्राइव्हवर टाकायची फाइल, त्याच्यासकट सुरू होत नाही. विंडोजने बनवलेलं ईएसपी पुष्कळदा १०० एमबीचंच असतं, त्यात कर्नल ठेवायला जाऊ नको, ते वेगळ्या जागी माउंट कर, ग्रब हा बूटलोडर वापर आणि कर्नल मुख्य पार्टिशनवर राहू दे. मग एक दिवस विंडोजमधे गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेलेली नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, दोघांपैकी एकाला समजवायचं, बास.

आणि पहिल्यांदा ब्राउझर उघडलास की मराठी साइटवर नुसते चौकोन दिसतील. नोटोचे फॉन्ट टाक, चौकोन जातील. मग टेक्स्ट एडिटर उघडून "दुसऱ्या" टाइप करून बघ, तो र नीट मोडून या च्या डावीकडे चिकटला की समज फॉन्टही आहे आणि अक्षरं जुळवणारा हार्फबझही आपलं काम करतोय. तोच शब्द ग्राफिक्स नसलेल्या काळ्या कन्सोलवर बघितलास तर नाही दिसणार, तिथे जुळवणारं कोणी नसतं, तिकडे तासभर घालवू नको, मी घालवलाय.